आरव्हीच्या पंखाचं रिव्हेटिंग: पहिल्या भोकापासून शेवटच्या स्किनपर्यंत

घरी बांधायच्या धातूच्या विमानांमध्ये व्हॅन्स एअरक्राफ्टची आरव्ही मालिका सगळ्यात जास्त बांधली जाते. अमेरिकेत ओरेगन राज्यातल्या ऑरोराची ही कंपनी. तिच्या किटमधून दहा हजारांहून जास्त विमानं आजवर उडाली, आणि त्यातली बरीचशी गाडीच्या गॅरेजमध्ये तयार झाली. आरव्ही १२ मध्ये बहुतेक ठिकाणी एका बाजूने ओढून बसवायचे पॉप रिव्हेट असतात. हा लेख आरव्ही ७, ८, १० आणि १४ यांच्या पंखांसाठी आहे. इथे भरीव रिव्हेट ठोकायचे असतात: एका बाजूला हवेवर चालणारी ठोकायची गन, दुसऱ्या बाजूला मागून टेकवायचा जड बकिंग बार.

नवख्या माणसाला गनची भीती वाटते. खरं तर रिव्हेट चांगला की वाईट याचा निकाल गन हातात घेण्याआधीच लागलेला असतो. भोक गोल आहे का, बर (भोकाच्या कडेला उरलेला कीस) निघाली आहे का, डिंपल (रिव्हेटचं डोकं बसायला पत्र्यात दाबलेला खोलगा) पूर्ण बसला आहे का आणि पत्रे एकमेकांना घट्ट टेकलेत का, एवढं जमलं की गनचं काम दोन सेकंदांचं उरतं. म्हणून या लेखातही ठोकण्यापेक्षा तयारीवर जास्त जागा गेली आहे.

रिव्हेटचे आकडे वाचायला शिका

पंखात मुख्यतः दोन प्रकारचे रिव्हेट लागतात. आतल्या सांगाड्याला गोलसर डोक्याचे एएन ४७०, आणि बाहेरच्या स्किनला, म्हणजे पंखाच्या वरून दिसणाऱ्या पत्र्याला, सपाट बसणारे, १०० अंश कोनाच्या डोक्याचे एएन ४२६. आकड्यांनंतर येणारं 'एडी' म्हणजे २११७-टी४ हा मिश्रधातू. डोक्याच्या मधोमध बारीक खळगा असला की तो एडी. हे रिव्हेट डब्यातून काढून थेट ठोकता येतात, भट्टी किंवा फ्रीजची भानगड नाही. डोक्यावर दोन उंचवटलेल्या रेघा दिसल्या तर तो डीडी, म्हणजे २०२४ चा. तो आधी उष्णता देऊन मऊ करून थंड ठेवावा लागतो. असा रिव्हेट चुकून डब्यात आला तर बाजूला काढा.

पुढचा आकडा व्यासाचा, इंचाच्या बत्तिसाव्या भागात: ३ म्हणजे ३/३२, ४ म्हणजे १/८, ५ म्हणजे ५/३२. आपल्याकडच्या फिटरच्या भाषेत पाऊण सूत, एक सूत आणि सव्वा सूत. शेवटचा आकडा लांबीचा, इंचाच्या सोळाव्या भागात. तेव्हा एएन ४२६ एडी ३-३.५ म्हणजे सपाट डोक्याचा, पाऊण सूत जाडीचा, साडेतीन सोळांश इंच लांबीचा रिव्हेट. एक फरक लक्षात असू द्या: ४७० ची लांबी डोक्याखालून मोजतात, ४२६ ची डोक्यासकट.

लांबीचं गणित सोपं आहे. जोडायच्या सगळ्या पत्र्यांची जाडी अधिक व्यासाची दीडपट. समजा ०.०४० इंचाच्या स्पारच्या (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या तुळईच्या) पत्र्याला ०.०२५ ची रिब (पंखाला आकार देणारी आडवी फासळी) एक सुताच्या रिव्हेटने जोडायची आहे. जाडी झाली ०.०६५, दीडपट व्यास ०.१८७५, बेरीज सुमारे ०.२५३ इंच, म्हणजे चार सोळांश. रिव्हेट झाला एएन ४७० एडी ४-४. नकाशावर लांबी छापलेली असतेच, तरी दर नव्या जागी हे गणित करून बघा. वॉशर, शिम (फट भरायची पातळ पत्री) किंवा जादा पट्टी आली की छापील लांबी कमी पडते, आणि ते डोकं तयार झाल्यावरच कळतं.

ठोकल्यावर मागच्या बाजूला जे डोकं तयार होतं त्याचा व्यास मूळ व्यासाच्या दीडपट आणि उंची निम्मी हवी. पाऊण सुताला ०.१४१ इंच रुंद, ०.०४७ उंच. एक सुताला ०.१८८ आणि ०.०६२. हे आदर्श माप झालं. अमेरिकी लष्करी मानकाची किमान मर्यादा याहून सैल आहे: एक सुतासाठी रुंदी किमान ०.१६३, उंची किमान ०.०५०. या दोन मापांमधली ढिलाई का महत्त्वाची, ते बिघडलेल्या रिव्हेटच्या भागात येईल.

हत्यारं

गन थ्री-एक्स या मापाची घ्या. टू-एक्स हलकी आणि शिकायला सौम्य असते, पण सव्वा सुताला कमी पडते. गनच्या मुठीपाशी छोटा रेग्युलेटर हवाच, कारण दाब दर दहा मिनिटांनी बदलावा लागतो आणि त्यासाठी कॉम्प्रेसरपर्यंत फेऱ्या कोणी मारत नाही. मग चुकीच्याच दाबावर काम रेटलं जातं. रोज काम सुरू करताना गनमध्ये हवेच्या हत्याराचं तेल दोन-तीन थेंब टाका. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात कॉम्प्रेसरच्या टाकीत पाणी भराभर साठतं, ते रोज काढा आणि लाइनमध्ये पाणी अडवणारा फिल्टर बसवा.

बकिंग बार, आयटीआयमधली डॉली, शक्यतो टंगस्टनची घ्या. महाग पडते, पण पोलादाच्या दुपटीहून जास्त वजन तेवढ्याच आकारात मिळतं, आणि रिबच्या मागे हात शिरेल एवढीच जागा असते तिथे आकारच आड येतो. पाऊण सुताला दोन-तीन पौंडांचा, एक सुताला तीन-चार पौंडांचा बार पुरतो. बारचा चेहरा आरशासारखा गुळगुळीत ठेवा. त्यावरचा प्रत्येक ओरखडा रिव्हेटच्या डोक्यावर उमटतो.

दोन्ही बाजूंनी पकड पोचत असेल तिथे स्क्वीझर, म्हणजे रिव्हेट दाबून बसवायची पक्कड, वापरा. त्यात दाब सारखा पडतो, आवाज नाही, दुसरा माणूस लागत नाही. मागचा स्पार, रिबच्या कडा, नटप्लेट (पत्र्याला कायमचे बसवलेले नट) यांतलं बहुतेक काम स्क्वीझरनेच होतं. तीन इंची योक (स्क्वीझरचा जबडा) पहिला घ्या.

क्लेको म्हणजे रिव्हेट बसेपर्यंत पत्रे धरून ठेवणारे स्प्रिंगचे चाप. पाऊण सुताचे चंदेरी, एक सुताचे तांब्याच्या रंगाचे, सव्वा सुताचे काळे. चंदेरी चारशे-पाचशे लागतात, तांब्याचे शंभर-सव्वाशे. इथे काटकसर केली की पत्रा दोन क्लेकोंच्या मध्ये फुगतो आणि रिव्हेट त्या फुगवट्यात अडकतो.

याशिवाय सी-फ्रेम आणि १०० अंशी डिंपल डाय (डिंपल पाडायची चौकट आणि ठसे), मायक्रोस्टॉप काउंटरसिंक (ठरलेल्या खोलीपर्यंतच भोकाचं तोंड शंकूसारखं कापणारं हत्यार), बर काढायचं फिरतं हत्यार, रिब सरळ करायला फ्लुटिंग पक्कड, पाऊण आणि एक सुताचे रिव्हेट गेज, आणि कानाला मफ. मफ दोघांनाही. बंद पंखात गनचा आवाज बारवाल्याच्या कानाशी घुमतो.

भोक, बर, डिंपल

किटमधले पत्रे आधीच भोकं पाडून येतात. आरव्ही १४ मध्ये बरीच भोकं अंतिम मापाची असतात. आरव्ही ७ आणि ८ मध्ये सगळा सांगाडा क्लेकोने जोडून भोकं एकत्र ड्रिल करायची असतात. पाऊण सुताला ४० नंबरचं ड्रिल, ०.०९८ इंच. एक सुताला ३० नंबरचं, ०.१२८५. भोक रिव्हेटपेक्षा तीन-चार हजारांश इंच मोठं, एवढंच. त्याहून मोठं झालं की रिव्हेटची दांडी भोक भरण्याऐवजी वाकते.

ड्रिल पत्र्याला काटकोनात धरा. वेग जास्त, जोर कमी. तिरकं भोक लांबट होतं आणि त्यात रिव्हेट कधीच सरळ उभा राहत नाही. कडेपासून भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर व्यासाच्या दुप्पट तरी हवं, म्हणजे एक सुताला पाव इंच. दोन रिव्हेटमधलं अंतर व्यासाच्या तिपटीहून कमी नको. हे नियम अमेरिकी विमान प्रशासनाच्या एसी ४३.१३-१बी या परिपत्रकात आहेत. आधीच भोकं पाडलेल्या पत्र्यांत याची काळजी नसते, पण जादा ब्रॅकेट, वायरचा क्लॅम्प, पिटोची (हवेतला वेग मोजणाऱ्या नळीची) पट्टी स्वतः बसवताना हमखास विसर पडतो.

आता बर. भोकाच्या दोन्ही बाजूंनी, हलक्या हाताने, हत्याराचे दोन-तीन फेरे. बोटाने चाचपून बर लागली नाही की थांबायचं. नवखी माणसं इथे जास्तच मेहनत घेतात आणि ०.०२५ च्या पत्र्यात भोकाला बशी पाडून ठेवतात. तो पत्रा तिथे पातळ झाला, डिंपल करताना तिथूनच चीर जाते. बर काढायची ती चीर टाळायला आणि पत्रे एकमेकांना टेकायला, भोक सुबक दिसावं म्हणून नव्हे. भोकाची कड किती नाजूक असते हे २०२३ मध्ये आरव्ही बांधणाऱ्यांनी पाहिलंच आहे. लेझरने कापलेल्या काही भागांना डिंपल करताना भोकांच्या कडेला चिरा निघाल्या, आणि लोकांना भाग तपासून बदलावे लागले.

बर काढल्यावरच डिंपल. आधी रिब आणि पट्ट्या, मग स्किन. मोठी स्किन सी-फ्रेमखाली सरकवण्याआधी फ्रेमच्या उंचीचं टेबल तयार करा आणि त्यावर गालिचा किंवा जाड फेल्ट घाला. स्किन लोंबकळली तर डिंपल तिरका पडतो. नर डायची सुई भोकात बसली आहे हे डोळ्यांनी बघा, हाताने दाबून पत्रा सपाट टेकवा आणि वजनदार प्लास्टिक हातोड्याचा एकच ठाम घाव घाला. घाव कमी पडला तर डिंपलभोवती पत्रा उथळ ताटलीसारखा दबलेला दिसतो. पंख रंगवल्यावर उन्हात तशा शेकडो ताटल्या चमकतात. सुई भोकात नसताना घाव घातला तर शेजारी दुसरं भोक पडून इंग्रजी आठाचा आकडा होतो. स्किन नवी मागवायची वेळ येते ती बहुधा यामुळेच, आणि बहुधा दिवसाच्या शेवटच्या तासात. कंटाळा आला की डिंपल बंद करा, बर काढत बसा.

कुठे डिंपल, कुठे काउंटरसिंक

पातळ पत्र्याला डिंपल, जाड पत्र्याला काउंटरसिंक. पाऊण सुताच्या डोक्यासाठी ०.०३२ इंच ही काउंटरसिंकची किमान जाडी, एक सुतासाठी ०.०४०. याहून पातळ पत्र्यात कटर आरपार जातो आणि भोकाची कड सुरीच्या धारेसारखी उरते. २८ एप्रिल १९८८ रोजी अलोहा एअरलाइन्सच्या ७३७ चं छत हवेत उडून गेलं, तेव्हा तपासात हेच पुढे आलं: ०.०३६ इंचाच्या स्किनमध्ये पूर्ण खोलीचं काउंटरसिंक, धारदार कडा, पत्रे चिकटवणारा थर सुटल्यावर सगळा ताण त्या कडांवर, आणि तिथून पसरलेल्या चिरा.

आरव्हीच्या पंखात मुख्य स्पारची जाड पट्टी काउंटरसिंक करावी लागते. स्पार कारखान्यातून रिव्हेट होऊन येतो, पण त्यावर इंधनाच्या टाकीच्या स्क्रूच्या नटप्लेट आणि स्किनची भोकं आपली. स्पारवर रिव्हेटचं नुसतं डोकं बसणार नसून स्किनचा डिंपल बसणार असतो, आणि तो डोक्यापेक्षा जाड असतो. म्हणून रिव्हेट सपाट बसेल त्याहून सुमारे ०.००७ इंच खोल जा. मायक्रोस्टॉपचा एक खटका म्हणजे एक हजारांश इंच, तेव्हा सात खटके. स्किनच्या जाडीच्या भंगार तुकड्यात एक डिंपल पाडून तो मापक म्हणून जवळ ठेवा: स्पारवर टेकवला की न डुलता सपाट बसला पाहिजे. कटर फिरत असताना मायक्रोस्टॉपचा बाहेरचा पाया दुसऱ्या हाताने धरा, नाहीतर तो पत्र्यावर गोल ओरखडे पाडतो. नटप्लेटच्या जागी मागे कटरच्या सुईला आधार लागतो. नटप्लेट आधी रिव्हेट करून तिच्याच आट्यांत सुई फिरू द्या, कटर भरकटत नाही.

मग प्रायमर. किटचा पत्रा अ‍ॅलक्लॅड, म्हणजे २०२४ वर शुद्ध अ‍ॅल्युमिनियमचा पातळ लेप. कोरड्या हवेत नुसत्या अ‍ॅलक्लॅडवर समाधान मानणारे बरेच आहेत. पण विमान मुंबई, गोवा किंवा कुठल्याही किनाऱ्याजवळ राहणार असेल तर आतून एपॉक्सी प्रायमर द्याच. भोकांच्या कडा, ओरखडे आणि ड्रिल केलेला भाग यांवर तो लेप राहिलेला नसतो.

भंगारावर हात बसवा

पंखाला हात लावण्याआधी सरावाचं छोटं किट पूर्ण करा, किंवा निदान ०.०२५ आणि ०.०३२ च्या पट्ट्यांवर शंभरेक रिव्हेट ठोका. दाबाची सुरुवात थ्री-एक्सवर पाऊण सुताला ३५-४० पीएसआय (चौरस इंचाला पौंड), एक सुताला ५० च्या आसपास. प्रत्येक गन वेगळी, त्यामुळे आकडा पाठ करण्यापेक्षा वेळ बघा. रिव्हेट एक ते तीन सेकंदांत बसला पाहिजे. अर्ध्या सेकंदात चपटा झाला तर दाब जास्त. पाच-सहा सेकंद तडतडत राहिलं तर दाब कमी, आणि सतत मार खाऊन धातू कडक होतो, डोक्याच्या कडेला चिरा पडतात. अशा वेळी बरेच जण आणखी ठोकतात, तेच नको. दाब पाच पीएसआय वाढवा.

गन आधी रिव्हेटवर दाबून धरा, मग ट्रिगर. आधी ट्रिगर सोडा, मग गन उचला. हा क्रम उलटला की स्नॅप, म्हणजे गनचं टोक, उडी मारतो. गनवाल्याचा जोर बारवाल्यापेक्षा किंचित जास्त हवा, नाहीतर डोकं पत्र्यावरून उचलून बसतं आणि खाली फट राहते. सपाट रिव्हेटला रबरी कड असलेला फिरता स्नॅप वापरा आणि डोक्यांच्या रांगेवर पातळ चिकटपट्टी लावा. स्किनवर खुणा पडत नाहीत.

दोघांनी शब्द आधी ठरवा. बारवाला 'लागला' म्हणेपर्यंत गन चालवायची नाही. 'मार', 'बस', 'अजून थोडा', एवढ्यावर काम चालतं. मफ लावून ऐकू येत नसेल तर बारने पत्र्यावर टिचक्या: एक म्हणजे ठीक, दोन म्हणजे अजून. आपला संकेत कोणताही असो, मध्येच बदलू नका. गन चालू असताना बार घसरून बाजूला गेला आणि गनवाला थांबला नाही, तर स्किनमध्ये पडलेला खड्डा फिलरखाली झाकण्याखेरीज काही करता येत नाही.

सांगाडा

रिब प्रेसवर वाकवलेल्या असतात, त्यामुळे कडेच्या पट्ट्या क्वचितच काटकोनात आणि रिब जवळजवळ नेहमी केळीसारखी वळलेली. गुण्या लावून पट्टी ९० अंशांना आणा. मग भोकांच्या मधल्या जागेत फ्लुटिंग पकडीने बारीक चुण्या घाला, जोवर भोकांची रांग ताणलेल्या दोऱ्याला लागत नाही. भोकांच्या अगदी जवळ चुणी घालू नका, डिंपलला सपाट जागा लागते. वायरिंगची भोकं आणि बुशिंग (वायर घासू नये म्हणून भोकात बसवायचं कडं) याच वेळी. पंख बंद झाल्यावर रिबमध्ये ड्रिल सरळ धरता येत नाही.

रिब मुख्य स्पारला एक सुताच्या ४७० ने बसतात. साधारण नियम असा की कारखान्याचं डोकं पातळ पत्र्याच्या बाजूला, ठोकलेलं डोकं जाड पत्र्याच्या बाजूला. अडचण जागेची आहे. रिव्हेटच्या शेजारीच रिबची भिंत, गनचं अंग तिला टेकतं, गन दोन-तीन अंश कलते आणि डोक्याच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी खूण उमटते. लांब स्नॅप वापरा, म्हणजे गन रिबच्या बाहेर राहील. स्नॅपच्या मध्यात आणि डोक्यात एकच रेघ आहे का ते बाजूने वाकून बघा, वरून नाही. रिबचा पत्रा हाताने किंचित बाजूला दाबून धरला तरी पुरेशी जागा मिळते. ०.०२५ चा पत्रा तेवढं सोसतो, पट्टीच्या वळणाशी घडी पडणार नाही एवढंच बघा.

मागचा स्पार स्क्वीझरने झटपट होतो. फक्त कुठल्या भोकांत आत्ता रिव्हेट नको आहे ते नकाशावर पाहून त्यांवर निळी टेप लावा. एलेरॉनचे ब्रॅकेट, फ्लॅपची पट्टी (दोन्ही पंखाच्या मागच्या कडेचे हलते भाग) आणि फेअरिंग (जोड झाकणारी आवरणं) नंतर येतात, आणि भरलेली भोकं पुन्हा मोकळी करणं हे भोक मोठं करण्याचं निमित्त असतं.

सांगाडा तयार झाला की स्टँडवर पुढची कड वर ठेवून उभा करा. स्पारच्या दोन्ही टोकांना ओळंबे सोडा आणि मागच्या स्पारपर्यंतचं अंतर दोन्हीकडे मोजा. ते सारखं नसेल तर पंखाला पीळ आहे. नुसता सांगाडा हाताने पिळता येतो, एकदा स्किन बसली की तोच पीळ कायमचा, आणि विमान आयुष्यभर एका बाजूला झुकतं. मधल्या रिबांची रांग दोऱ्याने तपासा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि घाईत उरकलं जातं.

टाकी, थोडक्यात

पंखाच्या पुढच्या कडेत, मुळाशी, इंधनाची टाकी बसते. तिथले रिव्हेट सीलंटमध्ये ओले बसवायचे. सीलंट दोन भागांचं, वजनाने दहाला एक. किचनमधल्या काट्यावर नाही, ग्रॅमच्या दशांशापर्यंत मोजणाऱ्या काट्यावर. एका वेळी कालवायचं तेवढंच जेवढं दीड तासात संपेल. जोडाच्या पृष्ठभागावर सीलंट लावण्याआधी तो भाग स्कॉचब्राइटने खरवडून एसिटोन किंवा एमईके या द्रावकाने पुसा. गळती बहुधा कोपऱ्यांतून आणि मागच्या पत्र्याच्या जोडातून होते, रिव्हेटमधून कमीच. चाचणीला कॉम्प्रेसर लावू नका. १ पीएसआय म्हणजे पाण्याचा सुमारे ७० सेंटिमीटर स्तंभ, याच्या वर गेलं तर टाकी फुगते. तोंडाला फुगा बांधा, सायकलच्या पंपाने भरा, जोडांवर साबणाचं पाणी लावा.

बिघडलेला रिव्हेट: काढायचा की सोडायचा

सुरुवातीच्या वाईट सवयींत ही सगळ्यात महागडी. गेजला जरा कमी-जास्त लागला की काढ, नवा घाल. तो काढताना भोक अंडाकृती होतं, नवा रिव्हेट पहिल्यापेक्षा वाईट बसतो, तोही काढला जातो. तीन फेऱ्यांनंतर ४० नंबरच्या भोकाच्या जागी ३० नंबरचं भोक. किमान मर्यादेत बसणारा, थोडा बुटका किंवा थोडा तिरका रिव्हेट राहू द्या. काढायचे ते एवढेच: दांडी आडवी पडून डोकं एका बाजूला दुमडलेलं, कारखान्याच्या डोक्याखाली किंवा पत्र्यांच्या मध्ये गेजची पाती शिरेल एवढी फट, डोक्याला चीर, किंवा स्नॅपने डोकं खोल कापलेलं. हलकी चंद्रकोर दिसायला वाईट असते, कामाला नाही.

काढायची रीत. एडी रिव्हेटच्या डोक्यातला खळगा सेंटर पंचने किंचित खोल करा. एक सुताला आधी ४० नंबरच्या ड्रिलने, फक्त डोक्याच्या जाडीइतकं, हाताने फिरवून सुरुवात करून. मग ३० नंबरने तेवढ्याच खोलीपर्यंत. पाऊण सुताला ४१ किंवा त्याहून बारीक. पंच भोकात घालून बाजूला दाबला की डोकं तुटून निघतं. मागून दांडीभोवती आधार द्या, भोक असलेला लाकडी तुकडा चालतो, आणि पिन पंचने दांडी बाहेर काढा. आधाराशिवाय ठोकलं तर पत्राच वाकतो. हट्टी दांडी निघत नसेल तर मागचं डोकं कटरने अर्धं कापून सैल करा.

भोक मोठं झालंच असेल तर सपाट रिव्हेटच्या जागी एनएएस १०९७ एडी ४ वापरा. दांडी एक सुताची, डोकं जवळपास पाऊण सुताच्या ४२६ एवढंच, त्यामुळे डिंपल तोच चालतो. पण कडेपासूनचं अंतर आता एक सुताच्या हिशेबाने मोजायचं. स्पारवर, किंवा एका रांगेत दोन-तीन ठिकाणी असं झालं तर आधी किट बनवणाऱ्याच्या तांत्रिक विभागाला फोटो पाठवा.

वरची स्किन

दुपारी गॅरेजचं दार उघडं ठेवून स्किन उन्हात आणि सांगाडा सावलीत असेल तर काम थांबवा. अडीच मीटर लांब अ‍ॅल्युमिनियम दहा अंश फरकाने अर्ध्या मिलिमीटरहून जास्त वाढतं. तसंच रिव्हेट केलं तर थंड झाल्यावर पत्रा रिबांच्या मध्ये ताणला जातो, उलट झालं तर फुगतो आणि दाबला की टपटप आवाज करतो.

क्लेको एक सोडून एक भोकात लावा, सुरुवात मधल्या रिबवर, आणि रिव्हेटही मधून बाहेर. एका टोकाकडून सुरुवात केली की उरलेला सगळा फुगवटा दुसऱ्या टोकाला गोळा होतो.

वरच्या स्किनला बॅक रिव्हेटिंग करा. यात गनचा मार उलट्या बाजूने, म्हणजे आतून, थेट दांडीवर, आणि बाहेर डोक्यांवर वजनदार सपाट बार दाबून धरलेला. डोकी स्किनशी इतकी सपाट बसतात की बोट फिरवल्यावर कळत नाहीत. खालची बाजू उघडी असल्याने आत गन नेता येते. रिब आड येतो तिथे वाकडा लांब बॅक रिव्हेट स्नॅप लागतो. बाहेरच्या माणसाने बार दाबून धरायचा, ढकलायचा नाही, आणि डोक्याच्या मध्यावर आहे की नाही ते टेपवरच्या पेन्सिलच्या खुणेने बघायचं. वाकडा स्नॅप हातात फिरू पाहतो, त्याला दुसऱ्या हाताने धरावं लागतं. दाब नेहमीपेक्षा पाच-दहा पीएसआय जास्त.

खालची स्किन लावण्याआधी

इथे थांबा. पंख बंद झाल्यावर आतलं काहीही सहज दिसणार नाही. बाहेरच्या तज्ज्ञाला आत्ता बोलवा. अमेरिकेत ईएए या हौशी विमानबांधणाऱ्यांच्या संघटनेचे टेक्निकल कौन्सिलर फुकट येतात, ब्रिटनमध्ये एलएए या तशाच संघटनेचा निरीक्षक पाहिल्याशिवाय पंख बंद करायचाच नसतो. प्रत्येक रांगेचा फोटो काढा. अमेरिकेत विमानाचा मोठा भाग हौशी बांधणाऱ्याने स्वतः केल्याचं दाखवावं लागतं, आणि हे फोटो तोच पुरावा. भारतात तर कागद हेच अर्धं काम. कांदिवलीच्या चारकोपमध्ये इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधणारे अमोल यादव यांनी ते फेब्रुवारी २०१६ मध्ये मुंबईच्या मेक इन इंडिया प्रदर्शनात मांडलं. व्हीटी-एनएमडी ही नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडला. इथे बांधायला घेणार असाल तर डीजीसीएशी (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाशी) पत्रव्यवहार किट मागवण्याआधी सुरू करा.

आत वायरी, पिटोची नळी, एलेरॉनच्या दांड्या, तपासणीच्या झाकणांच्या नटप्लेट बसल्या आहेत का पाहा. ड्रिलचे कीस, पडलेले रिव्हेट, विसरलेला क्लेको व्हॅक्यूमने काढा. पंख हलवून ऐका, खडखडलं तर शोधा.

खालच्या स्किनला बॅक रिव्हेटिंग नाही. गन बाहेर, बार आत, आणि बार धरणारा हात रिबमधल्या मोठ्या भोकांतून किंवा तपासणीच्या झाकणातून गेलेला. म्हणून आधी गन न घेता एकेका रिव्हेटसाठी हात कुठून जाणार ते घालून बघा आणि क्रम टेपवर लिहा. मागच्या स्पारच्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करून स्किनची मोकळी कड हलकी उचलून धरत पुढे सरका. कड फार वाकवली तर पत्र्याला कायमची घडी पडते, तेव्हा तिसरा माणूस घ्या. बारीक हातांचा माणूस आत, गन दुसऱ्याकडे. मनगटाला जुना मोजा गुंडाळा, नाहीतर भोकांच्या कडा कातडी सोलतात.

आतलं डोकं दिसत नाही, तेव्हा आरसा आणि छोटा कॅमेरा जवळ ठेवा. पहिले दहा रिव्हेट एकेक करून तपासा, मग बारवाल्याचं बोट सांगतं ते पुरतं: नखाला उंची कळते. एखाद-दोन जागी हात खरंच पोचत नाही. तिथे सपाट डोक्याचा पॉप रिव्हेट चालतो का, कोणता आणि किती, हे किटवाल्याला विचारून लेखी घ्या. भोकाला मापाची सूट स्वतःच्या मनाने देऊ नका.